तेवीस लाद्या

शीतधारा आइस वर्क्स,
तळोजा
९ जून २०२५

श्री. दादू हिरू कोळी,
दिवाळे कोळीवाडा, बेलापूर

सप्रेम नमस्कार.

मी सुनीती पेठकर. शीतधारात उधारी आणि वसुली पाहते. आपली भेट कधी झाली नाही, पण तुमच्या बोटीचं खातं पाच वर्षं माझ्या टेबलावर आहे.

३१ मेअखेर आमच्या वहीप्रमाणे तुमच्याकडून १,८६,२०० रुपये येणं आहे. खात्याची मर्यादा दीड लाखाची आणि मुदत तीस दिवसांची. सगळ्यांत जुनं बिल फेब्रुवारीचं, म्हणजे शंभर दिवसांवर गेलं. तुमचा रिवाज असा नव्हता. दर वर्षी मासेमारीची बंदी लागायच्या आत तुमचं खातं शून्यावर यायचं आणि मी इतर बोटवाल्यांना तुमचं उदाहरण द्यायची. या वर्षी मला गप्प बसावं लागलं.

दुसरी गोष्ट. २० फेब्रुवारीचं चलन क्रमांक ११६७, बर्फाच्या चाळीस लाद्या. यावर माल घेणाऱ्याची सही नाही. सहीशिवाय मी बिल करत नाही, म्हणून त्याचे ५,२०० रुपये वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. आमचा ड्रायव्हर जोतीराम म्हणतो, लाद्या धक्क्यावर उतरवल्या, पण सही करायला माणूसच उरला नाही. या वाक्याचा अर्थ मला लागला नाही, आणि तो पुढे काही बोलत नाही. तुम्हीच सांगा, बर्फ मिळाला की नाही?

सोबत बाकी मान्य असल्याचा कागद आहे. आकडा पटला तर सही करा. तुमच्या वहीत वेगळा आकडा असेल तर खालच्या रिकाम्या जागेत तो लिहा.

फोन तीनदा केला. दर वेळी एक बाई उचलतात, ‘मालक बोटीवर गेलेत’ म्हणतात आणि ठेवतात. बंदीत बोटी काठावर ओढलेल्या असतात एवढं मलाही ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

बंदी उठेपर्यंत बाकीचा मार्ग निघाला नाही, तर नव्या हंगामाचा बर्फ मला थांबवावा लागेल.

आपली,
सुनीती पेठकर

*

दिवाळे
१७ जून

सुनीती म्याडम यांना दादू कोळीचा नमस्कार.

तुमचा कागद पोचला. आकडा बरोबर हाय, सही करून परत पाठवतो.

बोट काठावर हाय हे खरं. पन बोट काठावर आली की मालकाला सुट्टी नसते. फळ्या बदलायच्या, डांबर लावायचं, जाळी शिवायची. मानूस दिवसभर बोटीवरच असतो आनि फोन घरात राहतो. तवा बाई जे बोलली ते खोटं नाय.

यंदा घरात खर्च निघाला म्हनून पैसे राहिले. तुमचा एक रुपया बुडनार नाय. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला, दोन फेऱ्या झाल्या, की द्यायला सुरुवात करतो. पन बर्फ थांबवू नका. बर्फाशिवाय बोट समुद्रात नेली तर मासा काठावर येईपर्यंत कुत्रं पन तोंड लावनार नाय.

२० फेब्रुवारीचा बर्फ आमी घेतला नाय. ते चलन रद्द करा.

दादू हिरू कोळी

*

तळोजा
२१ जून

श्री. दादूभाऊ,

पत्र आणि सही मिळाली. वाचून बरं वाटलं, आणि मग कागद फाइलला लावताना बरं वाटेनासं झालं. मला मनात ठेवून काम करता येत नाही, म्हणून सरळ लिहिते.

२०१८ साली खातं उघडताना तुम्ही अर्ज भरला होता. त्यावरची तुमची सही डावीकडे खाली सुरू होते आणि चढत चढत चौकटीच्या बाहेर जाते. परवाची सही दोरीवर धुणं वाळत घातल्यासारखी सरळ आहे. दोन्ही कागद मी शेजारी ठेवून पाहिले.

चलनाचंही तसंच. टेम्पोच्या नोंदवहीत त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दिवाळे धक्क्यावर चाळीस लाद्या उतरल्याची नोंद आहे. बर्फ उतरला आणि तुम्ही घेतला नाही, तर तो गेला कुठे? दुसऱ्या बोटीला दिला असेल तर तिचं नाव सांगा, मी त्यांच्या खात्यावर टाकते.

आणखी एक. मार्चपासूनच्या एकूणएक चलनावर तुमचा भाचा भावेश याची सही आहे. त्याआधी सात वर्षं तुमची होती. मालक बर्फ घ्यायला यायचा थांबतो, तेव्हा आमच्या धंद्यात त्याचे दोनच अर्थ काढतात. एक तर त्याने बोट गुपचूप विकायला काढली आहे, नाहीतर दुसऱ्या कारखान्याकडून रोखीने बर्फ घेऊन तो आमची उधारी बुडवणार आहे. तुमच्याबद्दल यातलं काही लिहायची वेळ यावी असं मला वाटत नाही.

माझी मागणी साधी आहे. मला फोन करा. दोन मिनिटं बोला. तुमचा आवाज ऐकला की मी सहीचा विषय काढणार नाही.

सुनीती पेठकर

*

दिवाळे
२८ जून

म्याडम,

फोनचं जमनार नाय. माझ्या कानाला त्रास हाय, बोललेलं ऐकू येत नाय.

सहीचं बोलाल तर पहिली सही तुमच्या टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्यानं केली होती. ही पाटावर बसून केली. बसून केलेली सही सरळच येनार.

बोट विकायला काढली नाय. गावात कोनालाही विचारा. दुसऱ्याचा बर्फ पन घेतला नाय. भावेश आता तांडेल हाय, बोट तोच नेतो, म्हनून सही तोच करतो.

चलनाचं पुन्हा पुन्हा विचारू नका. त्या दिवसाचं काहीच विचारू नका. पाच हजारासाठी एवढं कोन विचारतं?

दादू हिरू कोळी

*

तळोजा
२ जुलै

श्री. दादूभाऊ,

पाच हजारासाठीच विचारावं लागतं. पन्नास हजार बुडणार असले की सगळे आपणहून येऊन सांगतात.

आमचे मालक अभिराम सर यांनी ३१ जुलैला बंद करायच्या खात्यांची यादी मागितली आहे. थकबाकीत तुमचं नाव पहिलं आहे. ते यादीत टाकायचं की नाही हे मी तुम्हाला पाहिल्यावर ठरवेन.

मंगळवारी, ८ तारखेला दुपारी चारच्या सुमारास मी दिवाळ्याला येते. नवा अर्ज सोबत आणते, माझ्यासमोर एक सही करा. दारात उभी राहून पाच मिनिटं बोलेन आणि जाईन. चहा वगैरे ठेवू नका.

सुनीती पेठकर

*

दिवाळे
१० जुलै

सुनीती बाई,

मी कमळी. दादू कोळी यांची बायको. आधीची दोन्ही पत्रं मी लिवली, सह्या मी केल्या, फोनवरची बाई पन मीच.

मंगळवारी तुमी येनार म्हनून मी मुद्दाम सुकी मच्छी घेऊन नेरूळच्या बाजारात जाऊन बसले. वाटलं, दार बंद बघून जातील. पन खिडकी लावायची राहिली. शेजारची क्रांती बोलली, एक बाई आल्या, हातात निळी पिशवी, ओट्यावर चढल्या, खिडकीतून आत बघितलं आनि तशाच उभ्या राहिल्या. मग पिशवीतून कागद काढला, परत आत ठेवला आनि गेल्या. तिनं पानी विचारलं तर नको बोलल्या.

म्हनजे तुमी बघितलं.

आता लपवून काय? २० फेब्रुवारीला सकाळी तुमचा टेम्पो आला. लाद्या आमचे मालक स्वतः मोजून घ्यायचे. दुसऱ्याच्या मोजनीवर त्यांचा कधी भरवसा नव्हता, सख्ख्या भावाच्या पन नाय. मोजता मोजता खाली बसले. आमाला वाटलं उपाशी पोटी चक्कर आली. तोपर्यंत तोंड वाकडं झालं होतं. भावेशनं आनि तिघांनी उचलून रिक्षात घातलं. तुमचा जोतीराम पन रिक्षाच्या मागं धावला. बर्फ धक्क्यावर तसाच. संध्याकाळी भावेश त्यांच्या चपला आनायला गेला तर चपला होत्या आनि खाली नुसतं पानी. म्हनून लिवलं की बर्फ घेतला नाय. कोनीच घेतला नाय.

अडतीस दिवस दवाखाना झाला. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचा गेली. ऐकू सगळं येतं, कानाचं मी खोटं लिवलं. चार लाखाच्या वर खर्च झाला. माझ्या पाटल्या गेल्या, आनि तुमचे बर्फाचे पैसे त्यातच गेले. आमी मजा केली नाय.

का लपवलं ते पन सांगते. मागल्या वर्षी वाशीगावात एका बोटवाल्याचं असंच झालं. बातमी तुमच्याकडं गेली आनि तुमी दुसऱ्या दिवशी त्याचं खातं बंद करून सगळी बाकी एकदम मागितली. गनपतीच्या आत त्यांची बोट विकली गेली. आता ती बाई दुसऱ्याच्या ओट्यावर कोळंबी सोलते. हे इकडं सगळ्या कोळीवाड्यांना ठाऊक हाय. म्हनून आमच्या गावानं तोंड शिवलं. जोतीरामला मी त्याच्या लेकीची शपथ घातली. त्याला काही बोलू नका.

भावेशला येत्या पंधरा दिवसांत खलाशी ठरवायचे हायत, त्यांना उचल द्यायची हाय. बर्फ नाय म्हटलं तर खलाशी दुसऱ्या बोटीवर जातील. मग बोट काठावर आनि आमी पन. नारळी पौर्णिमा आठ ऑगस्टला हाय.

तुमी काय करनार तेवढं सांगा. गोड बोलून सांगू नका.

कमळी दादू कोळी

*

खारघर
१४ जुलै

कमळीताई,

हे पत्र घरून लिहिते आहे, ऑफिसच्या कागदावर नाही.

गोड बोलायला मला येत नाही. वाशीगावचं खातं मीच बंद केलं. मालक गेला किंवा अंथरुणाला खिळला तर खातं त्याच दिवशी बंद आणि बाकी एकरकमी, हा नियमही मीच लिहिला. अभिराम सरांनी फक्त सही केली. तो मी का लिहिला ते तुम्हाला सांगितलं पाहिजे.

माझे यजमान नंदकुमार तुर्भ्याला पुठ्ठ्याची खोकी पुरवायचे. सहा वर्षांपूर्वी गोडाऊनमध्ये खोकी मोजत असतानाच गेले. पंधरा मिनिटांत. त्यांना अंथरूण मिळालंच नाही. चौदा जणांकडे मिळून बावीस लाख यायचे होते. मी बारावी शिकलेली, घर सांभाळणारी. पण एक गोष्ट मला कोणी न सांगता कळली, की माणूस गेल्याची बातमी पसरली की द्यायचे ते गप्प होतात आणि घ्यायचे ते दारात येतात. म्हणून अकरा दिवस मी त्यांच्या फोनवरून त्यांच्या नावाने निरोप पाठवले. ‘शेठ, तेवढं बिल बघा ना, नंदकुमार.’ ते जसे लिहायचे तसंच. घरात सुतक आणि मी त्यांच्या नावाने लिहिते आहे. तिघांनी पैसे पाठवले. बाराव्या दिवशी बातमी फुटली. उरलेल्या अकरा जणांपैकी एकानेही आजवर रुपया दिला नाही. एक जण तर म्हणाला, ‘वहिनी, हिशोब माझा आणि नंदूचा होता. तो आला की बोलू.’

त्यानंतर मी वाचायला लागले. उधारीचे कायदे, जुनी हिशोबाची पुस्तकं, रद्दीतून, वाचनालयातून, मिळेल ते. त्या वाचण्याच्या जोरावर शीतधारात नोकरी मिळाली. आणि पहिल्या वर्षात मी तो नियम लिहिला. आमच्या कारखान्याचं माझ्यासारखं होऊ नये म्हणून. नियम लिहिताना मी कारखान्याच्या बाजूला बसले होते. दुसऱ्या बाजूला कोणीतरी बाई असेल हे मला सुचलं नाही. वाशीगावच्या त्या घरी मी गेलेही नव्हते. पत्र पाठवलं होतं फक्त.

तुमच्या खिडकीशी मी बघत उभी नव्हते. अर्ज आत टाकायचा की परत न्यायचा, ते ठरवत होते. दादूभाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या उशाशी वाटीत पेज होती आणि तिच्यावर झाकण होतं. ते झाकण बघून मी परत फिरले.

अभिराम सरांना मी अजून काही बोललेले नाही. सहा दिवस झाले. नोकरीत एवढं मी कधी लपवलं नाही आणि यापुढे फार दिवस लपवणार नाही.

मार्ग एकच दिसतो. दादूभाऊंच्या नावाचं खातं चालू ठेवता येणार नाही, कारण ते सही करू शकत नाहीत. तुम्ही तुमच्या नावाने नवा अर्ज भरा. मालक म्हणून तुमचं नाव. जुनी बाकी तुमच्या नावावर घ्या. नवा बर्फ सुरुवातीला रोखीने मिळेल, आणि जुन्या बाकीचे फेरीमागे आठ हजार. हे तुम्ही लिहून दिलंत तर मी वर जाऊन भांडेन. दादूच्या नावाने पुन्हा पत्र आलं तर भांडता येणार नाही.

अर्ज सोबत आहे.

सुनीती

*

दिवाळे
१९ जुलै

सुनीती बाई,

तुमचा अर्ज परत पाठवते. कोरा हाय.

मालकाच्या नावाच्या जागेवर मी माझं नाव घालायचं? मालक समोर खाटेवर हायत. जिते हायत. त्यांना सगळं ऐकू येतं, समजतं. बोटीवर नाव त्यांचं, नंबर त्यांच्या नावावर, तिची पूजा त्यांनी केलेली. मी त्या कागदावर सही केली तर घरात मी काय बोलनार? ‘अहो, तुमी आता मालक नाय, मी हाय’?

डॉक्टर बोलले सहा महिन्यांत वाचा थोडी येऊ शकते. सहा महिने ऑगस्टात होतात.

आनि एक विचारते, राग मानू नका. तुमी गेलेल्या मानसाच्या नावानं अकरा दिवस लिवलं, ती तुमची अक्कल. मी जित्या मानसाच्या नावानं दोन कागद लिवले तर ती फसवनूक?

आमच्याकडं बाया पैसा सांभाळतात. मासा पुरुषानं आनायचा, विकायचा बाईनं. पैसा बाईच्या कमरेला. पन पैसा कमरेला असला म्हनून बोट बाईची होत नाय. हे तुमाला खारघरच्या बिल्डिंगीत कळनार नाय.

कमळी

*

तळोजा
२४ जुलै

कमळीताई,

राग आला नाही. कामाचं लिहिते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी कपाटातली सगळी पावतीपुस्तकं खाली काढली. २०१८ पासूनची. पैसे कोणाच्या हातून आले हे आम्ही पावतीवर ‘ह.’ घालून लिहितो, हे तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या खात्याच्या दोनशे चौदा पावत्या निघाल्या. पाचांवर ‘ह. भावेश’. दोनशे नऊवर ‘ह. कमळी’. दादूभाऊंच्या हातची एकही नाही. सात वर्षं आम्ही ज्यांची पत ठरवत होतो त्यांनी आमच्या रोखपालाच्या खिडकीवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आणि रोखपाल सांगतात तशा ज्या टोपली बाजूला ठेवून नोटा मोजून द्यायच्या त्यांचं नाव अर्जात नव्हतं. अर्जात ती जागाच नाही. आताचा अर्ज तर मीच छापून घेतला आहे, तरी नाही.

पुस्तकं उचलून मी अभिराम सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. तुमची पत्रंही दाखवली, विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

ते म्हणाले, “पेठकर बाई, नियम तुमचा. आणि सूट पण तुम्हीच मागता?”

मी म्हटलं, “नियम चुकला आहे.”

“वाशीगावच्या वेळी नव्हता चुकला?”

“तेव्हाही चुकलाच होता.”

मग त्यांनी एक पुस्तक उलटसुलट पाहिलं. “ह्या पावत्यांवरून काय कळतं? पैसे आणून कोणी दिले ते. पैसे कोणाचे ते नाही.”

“सर, पैसे कोणाचे ते बँकेने बघावं. आणून देतं कोण, ते मी बघते. वेळेवर आणणाऱ्या हातालाच उधार द्यायचं असतं.”

“आणि बुडाले तर?”

“माझ्या नावासमोर लिहा.”

“लिहीन,” म्हणाले. “गंमत नाही करत. एक लाख शहाऐंशी हजार. तुमचा पगार मला माहीत आहे.” मग म्हणाले, “पण कागद तिच्या सहीचा पाहिजे. सोमवार, चार ऑगस्टला संध्याकाळपर्यंत. नाही आला तर खातं बंद आणि वकिलाची नोटीस.”

एवढं झालं आहे. मुदत चार दिवसांनी वाढवून मिळाली, तेवढीच.

अर्ज पुन्हा पाठवते. ‘मालकाचे नाव’ ही ओळ मी खोडली आहे आणि वर हाताने ‘व्यवहार पाहणारी व्यक्ती’ असं लिहिलं आहे. दादूभाऊ मालकच राहतील. बोट त्यांचीच. फक्त बर्फाचं देणंघेणं तुमच्या सहीने. हे खोटं नाही, सात वर्षं हेच चालू होतं. आम्ही लिहून घेतलं नव्हतं.

नंदकुमार गेले तेव्हा एकाही गिऱ्हाइकाच्या कागदावर माझं नाव नव्हतं. त्यांची निम्मी बिलं मी स्वयंपाकघरात बसून लिहायची. ते अक्षर माझं आहे हे सिद्ध करून उपयोग नव्हता. तुमच्यावर ती वेळ आणायची नसेल तर तुमचं नाव त्यांच्या हयातीत कागदावर यायला हवं. ते गेल्यावर नाही. हे कठोर वाटेल. मला याहून मऊ लिहिता येत नाही.

चलन ११६७ मी रद्द करते आहे. तो बर्फ कोणी घेतला नाही, हे मला मान्य आहे. बाकी मान्य असल्याचा नवा कागद तुमच्या सहीसाठी केला आहे, त्यासोबत ते चलनही पाठवते. त्यावर ‘माल मिळाला नाही’ एवढं लिहून परत करा.

सुनीती

*

दिवाळे
३ ऑगस्ट

सुनीती बाई,

पत्र भावेशच्या हाती पाठवते, उद्या दुपारच्या आत तुमच्या टेबलावर येईल. पोस्टावर भरवसा नाय ठेवला.

तुमचं पत्र चार दिवस डब्यात ठेवलं होतं. मग काल दुपारी मी खाटेजवळ बसून मोठ्यानं वाचलं. सगळं वाचलं, पावत्यांचं, तुमच्या मालकाचं, तुमच्या मालकानं तुमच्या पगाराचं काढलं ते पन. माझी दोन पत्रं मी त्यांच्या नावानं लिवली ते त्यांना आधी सांगितलं नव्हतं, ते पन सांगितलं. ते छताकडं बघत ऐकत होते. अर्ज त्यांच्या पोटावर ठेवला आनि पेन डाव्या हातात दिला. म्हटलं, तुमाला जमत असेल तर तुमी करा.

त्यांनी पेन थोडा वेळ धरला. मग माझ्याकडं सरकवला. सही कर म्हनून सरकवला, की मला हे दाखवू नको म्हनून, ते मला कळलं नाय. अजून कळलं नाय. तोंडाकडं बघितलं तर डोळे मिटलेले. मी सही केली.

मग वाशीगावच्या त्या बाईकडं जाऊन आले. तिला अर्जावरची तुमी खोडलेली मालकाची ओळ दाखवली. ती बोलली, बरं झालं, आनि कोळंबी सोलत राहिली. तुमाला सांगायला हवं म्हनून सांगितलं.

फेरीमागं आठ हजार असं तुमी लिवलंय. पापलेट लागलं तर दहा देईन, नाय लागलं तर पाच. समुद्र काय तुमच्या अर्जावर सही करनार नाय. मान्य असेल तर नारळ सोडल्यावर, नऊ तारखेला सकाळी पन्नास लाद्या पाठवा. पैसे रोख, भावेशकडं हायत. खलाशी सहा मिळाले, दोन जुने परत आले.

जोतीरामलाच टेम्पोवर पाठवा. तो धक्क्यावर यायला लाजतो असं भावेश बोलला. त्याला सांगा, शपथ सोडली.

आता चलन. ते रद्द करू नका.

मी आधी लिवलं की बर्फ घेतला नाय, ते रागानं लिवलं. नीट बघितलं तर घेतला होता. त्या सकाळी भावेश त्यांच्या बाजूलाच उभा होता. ते एकेक लादीला हात लावून मोठ्यानं मोजत होते, नेहमीसारखे. एकवीस, बावीस, तेवीस. तेवीस बोलले आनि खाली बसले. त्यानंतर ते काही बोललेले नाय. त्यांच्या तोंडचा शेवटचा शब्द तोच.

तो शब्द असलेला कागद मी ‘माल मिळाला नाही’ लिवून कसा परत करू?

म्हनून बाकीच्या कागदावर तुमचा आकडा खोडून खालच्या रिकाम्या जागेत मी आमचा लिवलाय. एक लाख एक्यान्नव हजार चारशे. तुमच्याहून पाच हजार दोनशे जास्त. तुमच्या मालकाला दाखवा.

चलनावर मी असं लिवलंय:

‘तेवीस लाद्या आमच्या मालकांनी मोजून घेतल्या. पुढच्या सतरा कोनी मोजल्या नाय, त्या तुमच्या सांगन्यावर घेतल्या. ह. कमळी.’

कमळी दादू कोळी